‘अनुभव आहे का?’ या प्रश्नाला बारावी पास मुलाने काय उत्तर द्यावं

प्रश्न असा आला आहे. मुलगा परतूर तालुक्यातला, जिल्हा जालना, वय 19. बारावी कला शाखेतून 61 टक्के. घरी तीन एकर कोरडवाहू. निकाल लागून वर्ष होऊन गेलं. मध्ये एकदा चाकणला जाऊन आला. तिथे एका एजन्सीने नोंदणीचे म्हणून 1500 रुपये घेतले, नऊ दिवस एका कारखान्यात पॅकिंगला लावलं आणि दहाव्या दिवशी ‘काम संपलं’ म्हणून सांगितलं. त्या नऊ दिवसांचे पैसे अजून मिळालेले नाहीत. आई म्हणते पोलीस भरती कर, वडील म्हणतात पुण्यालाच राहा, काहीतरी मिळेल. तो लिहितो, ‘सर, जिथे जातो तिथे अनुभव मागतात. कामच कोणी देत नाही तर अनुभव कुठून आणू? आर्ट्स घेतलं ही चूक झाली का? आणि बहीण यंदा दहावीला आहे, तिला काय करायला सांगू?’

मी 22 वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली, आधी वाळूजला आणि मग चाकणला. ‘अनुभव आहे का?’ हा प्रश्न मी स्वतः हजारो मुलांना विचारलाय. म्हणून आधी तो का विचारतात ते सांगतो.

हेल्परच्या किंवा पॅकिंगच्या कामाला अनुभव लागत नाही. ते काम दोन-तीन दिवसांत हाताला बसतं, हे भरती करणाऱ्यालाही माहीत असतं. त्याची धास्ती वेगळीच असते. सोमवारी वीस मुलं घ्यावीत आणि गुरुवारी गेटवर निम्मीच यावीत, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं. कुणाला रात्रपाळी झेपत नाही, कुणाचं रूमवर पटत नाही, कुणाला गावाकडून फोन येतो आणि तो न सांगता बॅग उचलतो. मग लाइनवर माणसं कमी पडतात आणि सुपरवायझरला बोलणी बसतात. त्यामुळे तो अनुभव विचारतो तेव्हा त्याच्या मनातला खरा प्रश्न असतो, ‘तू टिकशील का?’

असं पाहिलंस तर उत्तर तुझ्या आवाक्यात येतं. एका जागी सलग सहा महिने काम केल्याचा पुरावा तुला चाकणमध्येच मिळवायचा आहे असं नाही. परतूरचं कृषी सेवा केंद्र, मोंढ्यातलं आडत दुकान, हार्डवेअर, मेडिकल, पेट्रोल पंप, कुठेही चालेल. फक्त दोन गोष्टी पाळ. पगार थोडा का असेना, बँक खात्यात घे. आणि काम सोडताना मालकाकडून त्याच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घे: कधीपासून कधीपर्यंत, काय काम, त्याची सही आणि मोबाइल नंबर.

एक मुलगा आठवतो. बारावीला 48 टक्के, कला शाखाच. त्याच्यासोबत आलेल्या मुलांकडे प्लास्टिकच्या फायली होत्या, याच्याकडे घडी घातलेला एकच कागद. गावाजवळच्या पेट्रोल पंपावर 14 महिने रात्रपाळी केल्याचं पत्र होतं ते. मी विचारलं, पहाटे हिशोब कसा जुळवायचास? तो म्हणाला, ‘पाळी सुरू होताना मशीनचं रीडिंग लिहायचं, संपताना लिहायचं, फरकाला भावाने गुणायचं, मग रोकड, कार्ड आणि उधारी वेगळी मांडायची. कमी पडले तर माझ्या पगारातून जायचे. 14 महिन्यांत दोनदा कमी पडले.’ त्याला मी लाइनवर पाठवलंच नाही, स्टोअरला घेतलं. रीडिंग लिहायची सवय असलेला आणि रात्री जागणारा मुलगा स्टोअरला सोन्यासारखा असतो. आता तू नऊ दिवस पॅकिंग केलंस. तिथे दिवसाला किती बॉक्स भरत होतास, एका बॉक्सात किती नग होते, लेबलवर काय काय छापलेलं असायचं? हे तुला सांगता आलं तर त्या नऊ दिवसांनाही किंमत आहे. बहुतेक मुलं ‘पॅकिंगला होतो’ एवढंच सांगतात आणि गप्प बसतात.

आर्ट्स घेतलं ही चूक झाली का? या प्रश्नाचा पुष्कळ मुलांना फार त्रास होतो, म्हणून स्पष्टच सांगतो. कारखान्याच्या गेटवर बारावी आर्ट्स, कॉमर्स, सायन्स यांत फारसा फरक केला जात नाही, कारण तिन्हींत हाताला कुठलंच काम शिकवलेलं नसतं. माझ्या टेबलावर एक व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण, आणि एक बुश, म्हणजे नळीसारखा छोटा गोल भाग, ठेवलेलं असायचं. सायन्सचा मुलगा आला की मी म्हणायचो, याचा बाहेरचा व्यास सांग. अकरावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्यात आधी हेच उपकरण असतं. तरी बहुतेकांनी ते हातात उलटं धरलेलं मी पाहिलंय. जर्नल पूर्ण असायचं, पण दुसऱ्याचं बघून उतरवलेलं. एकदा एका आर्ट्सच्या मुलीने मला उलट विचारलं, ‘सर, हे कसं बघायचं ते एकदा दाखवता का?’ मी दाखवलं: मुख्य पट्टीवर शून्याच्या डावीकडचा आकडा घ्यायचा, मग खालच्या पट्टीवरची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधायचं, तिला 0.02 ने गुणायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. तिने दुसऱ्या वेळी माप बरोबर सांगितलं. ती पुढे क्वालिटीला लागली.

हे तुला शिकता येईल. साधं व्हर्निअर, मायक्रोमीटर, मिलिमीटर आणि इंच, दशांश अपूर्णांक, टक्केवारी. यासाठी कुठलीही पदवी लागत नाही. जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल आहेत, वर्कशॉप आहेत. एखाद्या ओळखीच्या टर्नरकडे दोन रविवार बसलास तरी पुरे. एक्सेलमध्ये रोजचा तक्ता भरता येणं आणि इंग्रजीतलं जॉब कार्ड, म्हणजे कामाच्या सूचनांचा कागद, वाचता येणं या दोन गोष्टी त्यात मिळव. इंग्रजी बोलता आलंच पाहिजे असं नाही, पण ‘रिजेक्ट’, ‘रिवर्क’, ‘होल्ड’, ‘बॅच नंबर’ हे शब्द कागदावर दिसले की अडखळायचं नाही.

आता ठेकेदाराचं, म्हणजे तुला चाकणला कामाला लावणाऱ्या त्या एजन्सीसारख्यांचं. तुझी फसवणूक झाली आणि तशी ती रोज होते. काम लावून देण्यासाठी मुलाकडून पैसे मागणारा माणूस दिसला की तिथून निघ, मग तो त्याला नोंदणी म्हणो, युनिफॉर्मची अनामत म्हणो की मेडिकलचा खर्च. चांगला ठेकेदार आपलं कमिशन कंपनीकडून घेतो, मुलाकडून घेत नाही. तुझ्या नऊ दिवसांचे पैसे मात्र सोडू नकोस. काम कुठल्या कंपनीच्या आवारात केलंस ते तुला माहीत आहे. गेटपासचा फोटो, हजेरीचा मेसेज, सोबतच्या मुलांचे नंबर, जे असेल ते गोळा कर. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, असं कायदाच सांगतो. कंपनीच्या एचआरच्या नावाने तारखांसकट एक साधं पत्र लिही, रजिस्टर पोस्टाने पाठव, आणि त्याची प्रत पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयाला लाव. एचआरवाले अशी पत्रं गांभीर्याने घेतात, कारण ऑडिटमध्ये ती निघतात. मी स्वतः अशा दोन पत्रांवरून ठेकेदाराचं बिल थांबवून मुलांचे पैसे दिलेत. पत्रासाठी एक दिवस खर्च कर, त्यापेक्षा जास्त त्यात अडकू नकोस.

पुढच्या वेळी कुठल्याही ठेकेदाराकडे कामाला लागण्याआधी काय विचारायचं ते सांगतो, कारण मुलं इथेच फसतात. जाहिरातीत ‘पगार 18,000’ लिहिलेलं असतं. विचार, हे किती तासांचं? बहुतेक वेळा त्यात रोजचा चार तासांचा ओव्हरटाइम धरलेला असतो. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा असा कायदा आहे, पुष्कळ ठिकाणी तो एकेरीच देतात. मग विचार, हातात किती? समज, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 आहे. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे (पीएफ) 12 टक्के म्हणजे 1,800 जातील, ईएसआयचे (कामगार राज्य विमा) 0.75 टक्के म्हणजे 113, व्यवसाय कर 200. हातात 12,887. ही कपात झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पीएफमध्ये तुझ्याइतकीच रक्कम मालकालाही भरावी लागते, आणि ईएसआयचं कार्ड असलं की तुझ्यासोबत आईवडिलांच्या औषधपाण्याचाही आधार होतो. वाईट तेव्हा, जेव्हा मालकाच्या वाट्याचे 12 टक्केही तुझ्याच पगारातून कापले जातात. ते बेकायदा आहे आणि सर्रास चालतं. पगाराची स्लिप नीट वाचायला शिक, पीएफची कपात दोनदा दिसते का ते बघ.

तिसरं, पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे तुझ्या पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, माग. मिळाल्यावर उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून दर महिन्याला पैसे जमा होतात का ते पाहा. पगारातून कापले आणि भरलेच नाहीत, असे ठेकेदार मी पाहिलेत. यूएएन जन्मभर एकच असतो. नव्या ठिकाणी लागलास की जुना नंबर सांग. नवा काढून दिला तर दोन खाती होतात आणि पुढे पैसे काढताना नाकीनऊ येतात.

चौथं, नियुक्तीपत्र. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक केलंय. ‘नंतर देतो’ म्हणाले तर किमान ज्या दिवशी कामावर रुजू झालास त्या दिवशीचा गेटपास आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेव. सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात, त्याचंही कारण कळू दे. सलग सेवेचे हक्क 240 दिवसांच्या हिशोबावर मिळतात, म्हणून त्याआधीच मुलाला घरी पाठवायचं आणि महिन्याभराने दुसऱ्या नावाखाली परत घ्यायचं. मी या पद्धतीचा भाग होतो आणि मला ती तेव्हाही पटत नव्हती. तुला त्यातून मार्ग काढायचा तर एकच: ते सात महिने नुसते भरून काढायचे नाहीत. त्या सात महिन्यांत कुठलं मशीन चालवायला शिकलास, ते सांगता आलं पाहिजे. पॅकिंगला लागलास तर दोन महिन्यांनी सुपरवायझरला स्वतःहून म्हण, ‘सर, ओव्हरटाइमला मला तपासणीच्या टेबलावर बसू द्या.’ दहातले नऊ सुपरवायझर हो म्हणतात, कारण असं विचारायला कुणी येतच नाही.

आता एक अडचण जिच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण तिच्यापायी मुलांचे महिनेच्या महिने वाया जातात: नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. आधारवर कुठे तुझं नाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. बँकेत स्पेलिंग तिसरंच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव तर इंग्रजीत पाच प्रकारे लिहिलेलं मी पाहिलंय. यातलं एक अक्षर जुळलं नाही तर पीएफचं केवायसी अडकतं, शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन अडकतं, सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीच्या दिवशी घाम फुटतो. म्हणून या आठवड्यात एक काम कर. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँक पासबुक एका ओळीत मांडून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. दहावीची सनद हा पाया धर आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घे. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईत चुकीची दुरुस्ती करू नकोस. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तुझा स्वतःचाच असू दे. काकाच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने फॉर्म भरले जात नाहीत. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आपले सरकार केंद्रावरून आत्ताच काढून ठेव. भरती निघाल्यावर तिथे रांग लागते.

दुसरी न बोलली जाणारी अडचण म्हणजे पहिले चाळीस दिवस. तू 3 तारखेला कामावर लागलास तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या 7 ते 10 तारखेला होतो. तोवर कॉटचं भाडं, त्याचं डिपॉझिट, मेस, कंपनीच्या बसपर्यंतची शेअर रिक्षा, सेफ्टी शूज हे सगळं पदरचं. निम्मी मुलं कामाला कंटाळून परत जात नाहीत, खिशातले पैसे संपल्यामुळे जातात. वडिलांशी हे मोकळेपणाने बोल. चाळीस दिवसांचा खर्च हाताशी असल्याशिवाय पुण्याला निघू नकोस. नसेल तर आधी जालना एमआयडीसी, मग शेंद्रा आणि वाळूज बघ. तिथे आठवड्याला घरी येता येतं, डबा आणता येतो. चाकणचं नाव मोठं आहे म्हणून तिकडेच जायला हवं, असं काही नाही.

तुझ्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो.

माझी पहिली पसंती अप्रेंटिसशिपला, म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीला. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के. केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवून बारावी पास मुलालाही थेट अर्ज करता येतो, त्यासाठी आयटीआय असावंच लागतं असं नाही. 2019 च्या नियमांत बारावी पास अप्रेंटिससाठी महिना किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवलेलं आहे. कित्येक कंपन्या त्याहून जास्त देतात. ठेकेदाराच्या 12-13 हजारांपुढे हे कमी वाटेल. पण इथे करार नोंदवलेला असतो, शिकवण्याची जबाबदारी कंपनीची असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. एक खूण लक्षात ठेव: खऱ्या अप्रेंटिसच्या विद्यावेतनातून पीएफ आणि ईएसआय कापत नाहीत. कुणी अप्रेंटिस म्हणून घेतलं आणि पीएफ कापला, किंवा पोर्टलवर करारच दिसला नाही, तर ते अप्रेंटिसशिपच्या नावाखाली स्वस्तात घेतलेलं काम आहे.

आयटीआयही अजून गेलेलं नाही. बारावी झाल्यावर, विशीत आयटीआयला गेलेली मुलं मी कितीतरी घेतलीत. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि महाराष्ट्रात वयाची वरची अट नाही. वेल्डर एका वर्षाचा ट्रेड, इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट दोन वर्षांचे. ‘बारावी करून परत दहावीच्या पोरांबरोबर बसू का?’ असं मुलं लाजून विचारतात. बसायचं. दोन वर्षांनी तुझ्याकडे बारावी आणि ट्रेड दोन्ही असेल, आणि ऑपरेटरच्या मुलाखतीत तू त्यांच्यापुढे उभा राहशील.

तेवढा वेळ घरात नसेल तर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी कर. अग्रणी बँक ती चालवते. 10 ते 45 दिवसांचे कोर्स, शिकणं, राहणं आणि जेवण मोफत. मोटार रिवाइंडिंग, दुचाकी दुरुस्ती, फ्रिज-एसी दुरुस्ती असे विषय असतात. मोटार रिवाइंडिंग शिकलेला माणूस मराठवाड्यात उपाशी राहिलेला मी पाहिलेला नाही. प्रत्येक विहिरीवर आणि बोअरवर मोटार आहे आणि ती जळते.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही तू ऐकलं असशील. 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा बारावी पासला महिना 6,000 रुपये आणि सहा महिन्यांचा काळ होता, पुढे तो 11 महिन्यांपर्यंत वाढवला. ती नोकरी नाही, मुदत संपली की घरी. ग्रामपंचायतीत किंवा कार्यालयात नुसतं बसवून ठेवणार असतील तर घेऊ नकोस. संगणकावर खरं काम मिळणार असेल, तर पहिला पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो.

आता पोलीस भरती. आईचं मन मोडायचं नाही हे मला कळतं, आणि वर्दीची ओढ मला तरी चुकीची वाटत नाही. पण 2024 च्या भरतीत सुमारे 17 हजार जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले होते, म्हणजे एका जागेला शंभर. म्हणून आधी भिंतीला पाठ लावून अनवाणी उंची मोज. पुरुषांना 165 सेंटीमीटर लागते आणि छाती न फुगवता 79, फुगवून पाच वाढली पाहिजे. 163 उंची असलेली मुलं दोन-दोन वर्षं अकादमीत पैसे भरून पळताना मी पाहिलीत, आणि त्यांना कुणी पट्टीसुद्धा लावलेली नव्हती. उंची बसत असेल तर 1600 मीटर घड्याळ लावून पळ आणि वेळ रोज वहीत लिही. मैदानी 50 गुणांची असते, लेखी 100 ची. मैदानीत किमान 50 टक्के लागतात, आणि लेखीला प्रत्येक जागेमागे दहाच जण बोलावतात. म्हणजे नुसतं उत्तीर्ण होऊन भागत नाही. मी सांगेन, एक भरती पूर्ण ताकदीने दे, फार तर दोन. पण काम करत करत दे. सकाळी पळायला आणि रात्री दोन तास वाचायला नोकरी आड येत नाही, आणि पेट्रोल पंपावरचं किंवा दुकानातलं काम तर नाहीच नाही. 24 व्या वर्षी भरती हुकलेला आणि हातात काहीच नसलेला मुलगा समोर बसला की त्याला काय सांगावं ते मला सुचायचं नाही. त्याच्याकडे कष्टाची तयारी सगळ्यांत जास्त असते, आणि दाखवायला कागद नसतो.

बारावीवर होणारी केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) सीएचएसएल ही परीक्षा आणि रेल्वेच्या परीक्षा याच अभ्यासात बसतात, त्यांचे अर्जही भर. तलाठी आणि मंत्रालयातल्या लिपिकासाठी पदवी लागते. त्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करत बीए करता येतं. काम, भरतीची तयारी आणि पदवी हे तिन्ही एकत्र चालू शकतं, माझ्या शेवटच्या कंपनीत स्टोअरचे तीन पोरगे मुक्त विद्यापीठाची परीक्षा देत होते आणि मी त्यांच्या पाळ्या परीक्षेप्रमाणे लावून द्यायचो. मुलाखतीत हे सांगायला घाबरू नकोस.

आणखी एक, कारण तुझ्या वयाच्या मुलांना सध्या याचाच सगळ्यात मोठा धोका आहे. टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा’, घरबसल्या डेटा एंट्री आणि मग ‘करार मोडला’ म्हणून वकिलाची नोटीस, विमानतळावरच्या नोकरीचं शिक्का मारलेलं पत्र, हे सगळं खोटं आहे. पण त्याहून वाईट म्हणजे बँक खातं भाड्याने देणं. ‘तुझं खातं आणि एटीएम दे, महिन्याला पाच हजार देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर तो ओळखीचा असला तरी नाही म्हण. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. एकदा गुन्हा नोंद झाला की चारित्र्य पडताळणीत तो निघतो आणि भरतीचा दरवाजा बंद होतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला फोन कर.

बहिणीचं. तिच्या बाबतीत तुमच्याकडे अजून वेळ आहे आणि माझ्या मते तुझ्यापेक्षा सोपा निर्णय आहे. तिला शिकायची आवड असेल, गणित जमत असेल, तर दहावीनंतर पॉलिटेक्निक. घरचं बळ कमी असेल तर सरकारी आयटीआय: फी अगदी थोडी, आणि दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे शिक्षणाची वाट बंद होत नाही. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन बघा. वायर हार्नेस (गाडीतल्या तारांचे जुडगे), इलेक्ट्रॉनिक्स आणि तपासणीच्या लाइनवर मुलींना खूप मागणी असते, आणि बऱ्याच कंपन्या त्यांना घरापासून नेण्या-आणण्याची सोय करतात. शिवणकाम आणि ब्युटी पार्लर हेच मुलींचे कोर्स असं घरात कुणी म्हणालं तर तिला एकदा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा, आत काय चालतं ते दाखव आणि मग तिलाच विचार.

आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. तुझे स्वतःचेही गुण दहावीचेच धरले जाणार आहेत. तेव्हा निकालाच्या आठवड्यात दोघे एकत्र जा, दोघांचे अर्ज एकाच दिवशी भरा, आणि जाताना दोघांच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव आधीच जुळवून न्या.